महालक्ष्म्यांची पेटी

ज्या दिवशी मी आमच्या महालक्ष्म्यांची पेटी भंगारात दिली, त्या दिवशी माझं मन अत्यंत प्रसन्न होतं.

याला कारण प्रवचन. मी नुकताच निवृत्त झालो होतो. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या मंदिरात संध्याकाळी एक ताई प्रवचनाला येत. पहिल्या दिवशी मी गेलो तो केवळ तिथला पंखा आमच्या घरच्या पंख्यापेक्षा चांगला फिरतो म्हणून. पण ताईंचं बोलणं गोड होतं. "घर आवरा, मन आपोआप आवरेल," त्या म्हणाल्या. "अडगळीत देवाला बसायला जागा कुठं? वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर काढा. आणि जी उरेल तिचे आभार माना."

मी आभारापासून सुरुवात केली, कारण त्यात उठावं लागत नव्हतं. सकाळी पाणी तापलं की गीझरला म्हणायचो, "आभारी आहे." मिक्सर थांबला की मिक्सरला. शोभा, म्हणजे माझी बायको, दोन दिवस ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी मी गॅसच्या सिलिंडरसमोर हात जोडलेले पाहून तिनं विचारलं, "अवो, तुमाले बरं वाटून राहिलं ना?"

"आभारी आहे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात तिच्या वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ती अकोल्याला भावाकडे गेली. घर मोकळं मिळालं. ती परत येईल तेव्हा तिला आपलं घर ओळखू येऊ नये, असा मी निश्चय केला. (हा निश्चय तडीस गेला.)

स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे लावले. त्यामुळे हळद कुठं गेली ते मलाही कळेना, पण दिसायला सैनिकांची रांग दिसत होती. मग माळ्यावर चढलो. माळ्यावर कोपऱ्यात एक जुनी पत्र्याची पेटी होती, झाकणाची कडी तुटलेली, भोवती बोटभर धूळ. धुळीवरूनच मी ठरवून टाकलं की वर्षभर तिला कोणाचा हात लागलेला नाही. मी ती न उघडता खाली उतरवली. उघडलं की मोह होतो, असं ताईंनी बजावलं होतं. खाली वलगावचा बबलू भंगारवाला लोटगाडी घेऊन उभाच होता. पेटी गेली. मी रिकाम्या कोपऱ्याचेसुद्धा आभार मानले.

दोन दिवसांनी सकाळी फिरून परत येत होतो. शेजारच्या लांजेवार वहिनींनी अंगणात पाट मांडून त्यावर काहीतरी उन्हात ठेवलं होतं. जवळ गेलो तर दोन पितळी चेहरे. मोठे डोळे, नाकात नथ, कपाळावर कुंकू. दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आठवड्यावर आल्या न महालक्ष्म्या. तुमी काढल्या का तुमच्या?"

मला माळ्यावरचा रिकामा कोपरा आठवला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भादव्यात आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी तीन दिवस माहेरी येतात. त्यांच्या चेहऱ्यांचे मुखवटे असतात. धडाला साडी नेसवायची, वर मुखवटा ठेवायचा, पुरणावरणाचं जेवायला घालायचं. आमचे मुखवटे माझ्या पणजीपासूनचे. आणि ते वर्षभर कुठं असतात? माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळून, कडी तुटलेल्या पत्र्याच्या पेटीत. वर्षातून एकदाच त्यांना हात लागतो, आणि वर्ष भरायला एकच आठवडा कमी होता.

"काढल्या," मी वहिनींना म्हणालो. हे खोटं नव्हतं.

घरी येऊन देवघरासमोर बसलो. आभार मानायची सवय लागलेली, म्हणून तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. देव सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी फरशीकडे. इतक्यात फोन वाजला. शोभा.

"सगळं ठीक हाये ना?"

"ठीक आहे."

"आवाज काहून असा येऊन राहिला?"

"घर मोकळं झालं ना, आवाज घुमतो."

"बरं. मी परवा येतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आणि त्या एका शब्दात, मी शपथेवर सांगतो, मला प्रत्यक्ष देवीचा आवाज ऐकू आला. तिला सगळं सांगून टाकावं असं एकदा वाटलं. पण बत्तीस वर्षांचा संसार फोनवर मोडणं बरं दिसत नाही.

स्कूटर काढली आणि वलगाव गाठलं. बबलूच्या गोदामासमोर पितळेच्या वस्तूंचा वेगळा ढीग होता. तांब्या, घंगाळं, समया. मी त्या ढिगात हात घालून शोधू लागलो.

"काका, काय शोधून राहिले?" बबलूनं विचारलं.

"हे पितळ पुढं कुठं जातं?"

"भट्टीत, वितळवाले."

मी तिथंच एका फुटक्या कूलरवर बसलो. बबलूनं पाणी दिलं. मी पेटीचं विचारलं.

"ते? ते तर मी माह्या मावशीले देल्ली, अचलपूरले. कापडं ठेवाले पाहिजे होती तिले."

"आत काय होतं?"

"मी कुठं पाह्यलं, काका? हलकी तर होती."

हलकी. मलाही माळ्यावरून उतरवताना ती हलकी लागली होती. तेव्हा वाटलं होतं, मन हलकं झालं की माणसाला सगळंच हलकं लागतं. आता दुसराच विचार आला. दोन पितळी मुखवट्यांची पेटी हलकी कशी? म्हणजे मी पेटीला हात लावण्याआधीच त्या निघून गेल्या होत्या?

स्कूटर बबलूकडेच ठेवली, कारण हात थरथरत असताना ती चालवणं म्हणजे देवीच्या कामात अडथळा आणणं. एसटीनं अचलपूरला गेलो. विमलमावशीचं घर सापडलं. दारात आमची पेटी धुऊन वाळत ठेवली होती. मी धावत जाऊन झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"कोण हाये रे?" मावशी बाहेर आली. साठीच्या पुढची बाई, हातात झाडणी.

"मावशी, या पेटीत काही होतं का?"

"दोन डांबराच्या गोळ्या होत्या. काहून?"

मी सगळं सांगितलं. 'महालक्ष्म्या' हा शब्द ऐकताच मावशीनं झाडणी खाली टाकली, पायातली चप्पल काढली आणि पेटीला हात जोडले. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"बापू, त्या गेल्या," ती हळूच म्हणाली. "जिथं मान नाई तिथं त्या थांबत नाई. स्वतःच्या पायानं गेल्या."

"कुठं?"

"थे मी कसं सांगू? पण आता तुह्या घरात जपून राह्य."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो. कंडक्टरनं तिकीट दिलं, सुटे दिले, आणि माझं तोंड पाहून काही न विचारता पुढं गेला. घरी पोचल्यावर घर इतकं मोकळं, इतकं आवरलेलं दिसलं की आत पाय टाकवेना. रांगेत उभे डबे, रिकामा माळा. एक वस्तू जागा सोडून नव्हती आणि मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची भीती वाटत होती. दोन दिवस मी देवापुढं एकच वाक्य म्हणालो, "चुकलो." आभार एकदाही आठवले नाहीत.

शोभा ठरल्याप्रमाणे दुपारी आली. रिक्षातून उतरताना तिनं एक पिशवी छातीशी धरली होती. मी वाक्यं पाठ करून ठेवली होती. पहिलं वाक्य 'आधी बसून घे' असं होतं.

"आधी बसून घे," मी म्हणालो.

"थांबा, पहिले यायले बसवतो," ती म्हणाली. पाट मांडला, पिशवीतून एक पंचा काढला आणि उलगडला. दोन पितळी मुखवटे. धाकटीचे डोळे नव्यानं रंगवलेले, काळेभोर, ताजे.

मी मटकन खाली बसलो.

"कसे झाले?" शोभा म्हणाली. "दादाच्या शेजारी रंगवणारा हाये ना. धाकटीचा एक डोळा पुरा उडाला होता."

"तू... नेले होते?"

"जाताना सांगतलं नाई काय तुमाले? मुखवटे घेऊन चालली म्हणून. तुमी म्हणाले, आभारी आहे."

मी त्या दोघींकडे पाहत राहिलो. गीझरचे, मिक्सरचे, सिलिंडरचे इतके आभार मी त्या महिन्यात मानले होते. पण या वेळी ओठ हलले नाहीत आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी पाटावर डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. प्रवचनात ज्याला कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी. ती इतकी घाबरवून येते, हे ताईंनी सांगितलं नव्हतं.

"अवो, उठा," शोभा म्हणाली. "आता माळ्यावरची पेटी काढा. पुसून घेतो."

मी डोकं वर केलंच नाही.

"अवो. पेटी."

मग सांगितलं. वाक्यं सगळी विसरली होती, म्हणून उलटसुलट सांगितलं. अचलपूरला पेटी हाताशी आली होती आणि रिकामी म्हणून मी तिथंच सोडून आलो, हेही सांगितलं. (हे सांगायची गरज नव्हती.) शोभा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुखवट्यांवर पंचा पांघरला. मग म्हणाली, "ते पेटी माह्या बाबानं देल्ली होती. लग्नात. तुमच्या घरचे मुखवटे, पण पेटी माही."

"मुखवटे तर आहेत ना," मी धीर करून म्हणालो. "महालक्ष्म्या काय, पाटावरही बसतील."

"त्या बसतील," शोभा म्हणाली. "मी बसणार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पुन्हा अचलपूरला. मावशीच्या घराजवळ पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या. समोर चौरंगावर आमची पेटी. हळदकुंकू लावलेली, झेंडूचा हार, पुढं निरंजन. आणि एका वाटीत, फुलांच्या मधोमध, दोन डांबराच्या गोळ्या.

मला पाहताच मावशी उठली. "या, बापू, या. हेच थे. यायच्याच घरून आली देवीची पेटी."

बायकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. एका म्हातारीनं तर माझ्या पायाला हात लावला. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी घाबरलो आहे. ऑडिटला घाबरलो, सासऱ्यांना घाबरलो. पण ती भीती काहीच नव्हे. त्या भरल्या घरात उभं राहून मला सांगावं लागलं की देवी कुठंही गेलेल्या नाहीत. त्या डोळे रंगवायला अकोल्याला गेल्या होत्या. बायकोसोबत. आणि ती पेटी मला परत पाहिजे.

निरंजनाची वात तडतडली. पायाला हात लावलेल्या म्हातारीनं तो हात पदराला पुसला.

"म्हंजे पेटीत काहीच नव्हतं?" एकीनं विचारलं.

"डांबराच्या गोळ्या होत्या," मी म्हणालो.

आता आपल्याला इथून चालत जाता येणार नाही, असं वाटत असतानाच विमलमावशी हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. "असू दे," ती म्हणाली. "त्या निमित्तानं माहं घर झाडून-सारवून झालं. इतक्या जणी कधी आल्या होत्या माह्या घरी? देवीनंच धाडलं म्हणा तुले." तिनं पेटीला पुन्हा नमस्कार केला, हार काढला आणि आत एक नारळ ठेवला. "रिकामी नेऊ नये. बायकोले सांग, मावशीनं ओटी भरली पेटीची."

मी तिचे आभार मानले. या वेळी शब्दही आले, पण ते ऐकण्याइतका वेळ तिला नव्हता. ती बायकांना चहा करायला आत गेली होती.

पेटी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. झाकणावर हळदकुंकू, माझ्या शर्टावर हळदकुंकू. कंडक्टर आला. त्या दिवशीचाच.

"काका, काय हाये पेटीत?"

"नारळ."

"आन्?"

"नारळच."

त्यानं झाकण उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी बी तुमीच होते ना? रडकं तोंड घेऊन बसले होते, रिकाम्या हातानं?"

"हो."

"बरं हाये मग," तो तिकीट फाडत म्हणाला. "त्या दिवशी नुसतं हाकललं होतं, आज नारळ देऊन काढलं. प्रगती हाये, काका."