परक्या प्लगइनची सोयरीक

परकी गोष्ट चौकशीशिवाय घरात घ्यायची नाही, हा आप्पांचा नियम. मग ते स्थळ असो की सॉफ्टवेअर. आप्पा आमचे शेजारी. बीडला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथं शिकवायचे. उरलेल्या वेळात आप्पा लिंगायत समाजातली लग्नं जमवायचे.

गावात इंटरनेट नुकतंच आलं होतं. आप्पांनी क्लासातल्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं, कारण ते फुकट होतं. पण त्यावर गाणी वाजेनात, सिनेमा दिसेना. त्यासाठी बाहेरच्या लोकांनी केलेले प्लगइन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, आणून जोडावे लागत, आणि ते कसे जोडायचे हे मराठीत कुणी लिहिलेलं नव्हतं. आप्पा लिहायला बसले. त्यांना लिहिण्याची एकच तऱ्हा ठाऊक होती, स्थळाची.

"मूळ गाव जर्मनीकडचे. गाणी उत्तम वाजवतो. सोबत दोन फायली आणतो, त्यांच्याशिवाय नांदत नाही. आवाजाच्या जुन्या प्लगइनशी भांडण आहे, दोघांना एका घरात ठेवू नये."

मी म्हणायचे, "आप्पा, दोष कशाला लिहिता? कुणी बसवणारच नाही."

"न्हाई बसवलं तर न्हाई. दडवून लावून दिलं अन् मशीन बंद पडली, तर शिव्या कुनाला? लावून देनाऱ्याला!"

'मुलगा घोरतो' हेसुद्धा ते पहिल्याच बैठकीत सांगून टाकत. त्यामुळे त्यांनी जमवलेली लग्नं बोटांवर मोजण्याइतकीच.

अशात मला पाहायला मांजरसुंब्याची मंडळी आली, आणि मध्यस्थ आप्पा! लग्नानंतर मला शिकवणं सोडायचं नव्हतं, पण तो विषय काढायचा नाही असं आईनं बजावलं होतं.

"पोरगी म्हंजे गरीब गाय हाय हो," आई म्हणाली.

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "गाय कावून म्हनता, वैनी? लई तापट हाय. सैपाक जेमतेम. क्लास सोडनार न्हाई, तो तिच्यासंगट येनार. पन एकदा जुळली, की बिघाड न्हाई."

आईनं कपाळावर हात मारला. मला तर आप्पांचा गळा धरावासा वाटला. मुलगा मात्र हसत होता. म्हणाला, "आजवर जिथं गेलतो, तिथं समद्या गाईच होत्या. ही पहिलीच पोरगी."

मी अजून शिकवते. मी चिडले की नवरा म्हणतो, "मला बोलायला तोंड न्हाई, आप्पांनी आधीच सांगितलं होतं."

ते प्लगइन आता कुणी वापरत नाही. आप्पाही राहिले नाहीत. परवा माझ्या मुलीसाठी स्थळ घेऊन एक गृहस्थ आले. म्हणाले, "मुलात एकसुद्धा दोष नाही." मला आप्पांची इतकी आठवण आली की डोळे भरले, आणि त्या गृहस्थांना मी चहा न देताच वाटेला लावलं.