पट्ट्यावरची पावलं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर व्यायामशाळा आहे. तिथे शिकवणाऱ्या माणसाला सगळे मास्तरच म्हणत. एकाच मंत्रावर त्यांनी कितीतरी लोकांची शरीरं घडवली : "दुखतंय ना? मग बांधलं जातंय. अजून एक!" नव्या मालकाने मात्र फर्मान काढलं, प्रमाणपत्र असेल तरच नोकरी. परीक्षा इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून पन्नाशी उलटलेले मास्तर माझ्याकडे शिकवणीला येऊ लागले.

"मावशी, ही विषयांची नावं आहेत की औषधांची?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मी एकेक नाव सोडवून सांगितलं. किनेसिऑलॉजी म्हणजे शरीर हलतं कसं, त्याचा अभ्यास. बायोमेकॅनिक्स म्हणजे त्या हालचालीमागचं जोराचं गणित. एक्सरसाइज फिजिऑलॉजी म्हणजे श्रमाने हृदयात, फुप्फुसांत, रक्तात काय घडतं ते. फिजिओथेरपी हा उपचार; तो त्यांचा प्रांत नव्हे.

"म्हणजे पहिलं हाडामासाचं, दुसरं हिशेबाचं आणि तिसरं आतल्या गोटातलं!" मास्तरांनी झटकन पकडलं.

माझं घर पहिल्याच मजल्यावर, व्यायामशाळेच्या डोक्यावर. तरी मास्तर जिन्याच्या वळणावर थांबत, बुटाची नाडी बांधत. पुढे चपला घालून आले, तरी वाकून थांबतच होते. आमचे हे शेवटच्या वर्षी असेच थांबायचे, विजेच्या मीटरचे आकडे वाचत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "मास्तर, डावा खांदा सारखा का चोळता?"

"वजन उचललं की भरून येतो, बसलं की उतरतो. स्नायूच तो. पहिल्या पुस्तकातला."

"श्रमाने येतं आणि बसलं की जातं, ते तिसऱ्या पुस्तकातलं. कालच घडाघडा म्हणून दाखवलंत ना? आजच्या आज डॉक्टरकडे जा."

ते हसले. "उद्या इथेच खाली, परीक्षकांसमोर ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावून दाखवायचंय, मावशी. डॉक्टर म्हणाला धावू नका, तर नोकरी गेलीच. परवा जातो."

मी त्यांच्या बायकोला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं कुठे ऐकतात? म्हणतात, पैलवानाच्या बायकोने इतकं भित्रं असू नये. थांबा, बूटच लपवते. मग बघू कसे धावतात!"

सकाळी ती बूट पिशवीत घालून माझ्या दारात आली. चेहऱ्यावर गड जिंकल्याचं हसू. "घरभर शोधतायत!"

तेवढ्यात खाली पट्टा सुरू झाला. परीक्षक आलेले असावेत. घरघर वाढत गेली आणि पट्ट्यावर पावलं पडू लागली, थप, थप, थप. बुटांची नव्हेत, अनवाणी.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. खालून मास्तरांचा आवाज आला, स्वतःलाच बजावणारा : "अजून एक!"

मग काहीतरी जड आपटलं. ती पिशवी टाकून जिन्याकडे धावली.

पट्टा मात्र फिरतच होता. त्यावर पावलं नव्हती.