अक्काला सांगितलेला काढा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

नव्वदच्या आसपास मी जळगावच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकत होतो. बांधावर उगवणारी शरपुंखा यकृताला वाचवते का, हा माझा विषय. पांढऱ्या उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं — त्यानं यकृत नासतं — पण अर्ध्यांना आधी शरपुंखेचा अर्क पाजायचा. मग पोटं उघडून बघायचं.

मे महिना होता. ते विष शेंगदाण्याच्या तेलात कालवून सकाळी अर्क न दिलेल्या उंदरांना टोचलं. मग जेवलो, पंख्याखाली आडवा झालो. अर्कवाल्यांना टोचलं ते उन्हं उतरल्यावर, त्याच भांड्यातलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पहिल्यांची यकृतं फिकट, सुजलेली. अर्कवाल्यांची चांगली लालबुंद. सरांनी पाठ थोपटली. मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी भांडी घासताना, टोचून झाल्यावर झाकून ठेवलेलं ते भांडं उघडून हुंगलं. त्या विषाचा गोडसर वास लपत नाही — आणि इथं नुसतं तेल. जळगावच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, मी ते दुपारभर उघडं ठेवलं होतं. विष कधीच उडून गेलं होतं. मग शरपुंखेनं वाचवलं कुणाला? प्रयोग पुन्हा करता आला असता. मी सरांसमोर तोंड उघडलं नाही. पदवी मिळाली, पेपरात फोटोही आला.

तो फोटो अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, पारोळ्याच्या घरी भिंतीवर चिकटवला. वर्षभरात दाजींना कावीळ झाली. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप सांगून ठेवली होती. अक्कानं मला विचारलं, "भाऊ, धुयाले लई जाऊत का तुना काढा देऊत? तू सांगशी तसंच करसूत."

नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागलं असतं — मी म्हणालो, काढा द्या.

जीप परत गेली. शरपुंखेचा पाला मीच उपटून आणला. दाजी तो कडू घोट तोंड वाकडं न करता प्यायचे, आपल्या माणसाचं औषध म्हणून. ते बरळायला लागले तेव्हा कुठे धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी मागे उभा होतो. आधी नेलं असतं तर वाचले असते? कुणास ठाऊक. त्याच्या आड मी लपत नाही.

दहाव्याला अक्का म्हणाली, "तुना काढामुये त्या इतला दिन तरी जगनात."

अजूनही ती तेच मानते. गल्लीत कुणाचे डोळे पिवळे झाले की लोक तिच्याकडे येतात, ती काढा उकळून देते. मी तिथं असलो तर सांगते, हे माझ्या भावानं शोधलंय. लोक माझ्या पाया पडतात. मी पाय मागे घेत नाही.