मामी गप्प बसायला शिकली

माझ्या मामीइतकं बोलणारं माणूस अख्ख्या नवी मुंबईत नव्हतं, असं मी कुणासमोरही म्हणायला तयार आहे. तिच्या बोलण्यात पूर्णविराम नसायचाच. स्वल्पविरामही ती नाइलाजाने, श्वास घेण्यापुरता वापरायची. एकदा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा तिला फोन आला. मामीने तिचं गाव, लग्न, जेवणाच्या वेळा असं सगळं विचारलं, वर पित्तावर उपाय सांगितला आणि शेवटी त्या मुलीनेच काकुळतीला येऊन 'मॅडम, मला आता ठेवू द्या' अशी विनंती केली. नावडे कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीत मामा तर मुका आहे असा काहींचा समज होता. तळोज्याच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला हा माणूस, त्याला कुणी काही विचारलं की उत्तर मामी द्यायची. डॉक्टरांनी 'कुठला गुडघा दुखतो?' असं विचारलं तेव्हाही तिनेच सांगितलं. आठवडाभर उजव्या गुडघ्याला मलम लागलं. दुखत होता डावा.

अशा मामीने पन्नाशी उलटल्यावर इंग्रजीची शिक्षिका व्हायचं ठरवलं. लग्नाआधी ती इंग्रजी घेऊन बीए झाली होती, आणि शाळेच्या मीटिंगला, बँकेत, दवाखान्यात इंग्रजी ऐकून खाली मान घालणाऱ्या कॉलनीतल्या बायका तिच्या मागे लागल्या होत्या. नुसतं येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, म्हणून तिने बेलापूरला एका प्रशिक्षण वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी सांगितलं की भाषेच्या वर्गात शिक्षकाने कमीत कमी बोलायचं असतं, बोलायचं ते विद्यार्थ्यांनी. मामीने घरी येऊन विचारलं, "मग पगार कशाचा घ्यायचा?"

तिच्या पहिल्या सराव पाठाला आसपासच्या बायका विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या. मामीने एकीला इंग्रजीत विचारलं, आज काय स्वयंपाक केलात? आणि ती तोंड उघडायच्या आत स्वतःच्या भरल्या भेंडीची कृती सुरू केली. तास संपेपर्यंत त्या बायकांना एकच शब्द बोलायला मिळाला, तो म्हणजे 'येस'. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी सुंदर आहे. पण आज ते फक्त तुम्हीच बोललात. शेवटचा पाठ असाच झाला तर मला तुम्हाला पास करता येणार नाही."

त्या संध्याकाळी मामाचा मला फोन आला. "अगं, ती बोलत नाहीये. ताप नाहीये, काही नाही. पण बोलत नाहीये."

दुसऱ्या दिवसापासून मामी कामाला लागली. प्रश्न विचारायचा आणि समोरचा बोलेपर्यंत मनात आकडे मोजायचे, असा मॅडमनी उपाय सांगितला होता. मामीने तो सगळ्यांवर करून पाहिला. भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारून ती नुसती बघत राहिली, तेव्हा त्या शांततेला घाबरून त्याने आपणहून भाव उतरवला. मग मामाची पाळी आली. "आज काय करू जेवायला?" असं विचारून ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सवयीने मामा तिच्याच उत्तराची वाट बघत राहिला. गॅसवरचं दूध उतू गेलं. शेवटी मामा म्हणाला, "काहीही कर. कारलं नको. मला कारलं आवडत नाही."

यांना कारलं म्हणजे जीव की प्राण, असं मामी लग्न झाल्यापासून गावभर सांगत होती. ती खुर्चीत बसली. "इतक्या वर्षांत बोलला नाहीत ते?"

"अगं, मध्ये जागा कुठे होती," मामा म्हणाला.

शेवटच्या पाठाला मीही मागच्या बाकावर बसले होते. विषय होता भूतकाळ, आठवणीतला एखादा दिवस. गावठाणातली एक बाई, जी आजवर वर्गात एकदाही बोलली नव्हती, तिला मामीने विचारलं. ती बाई जमिनीकडे बघत राहिली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मामीच्या हातात पदराचा पार दोरखंड झाला होता, मान लाल झाली होती, पण तोंड बंद. आणि मग ती बाई हळूच म्हणाली, "आय ड्राइव्ह... ड्रोव्ह स्कूटी. फर्स्ट टाइम. मदर-इन-लॉ सिट बिहाइंड." मामीने फक्त मान हलवली. "शी क्राय," बाई म्हणाली, "आय लाफ." सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मामी एवढंच म्हणाली, "अँड देन?" त्या बाईने पुढे सासूबाईंना पार खाडीपर्यंत फिरवून आणलं, चुकतमाकत, पण इंग्रजीत.

मामी पास झाली. आता सोसायटीच्या हॉलमध्ये तिचा वर्ग भरतो आणि बायकांचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मामाही हल्ली बराच बोलतो, थोडा जास्तच. परवा गेले तेव्हा मामीने विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." ती थांबली. नुसती बघत राहिली. मग मला सांगावंच लागलं की नोकरीत मन लागत नाही, घरी गेलं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही, असं बरंच काही, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. निघताना मला उगाच भरून आलं. म्हटलं, "मामी, आता तू बोल ना काहीतरी. पूर्वीसारखं."

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि माझा हात हातात धरून खरोखरच विचार करत बसली.