चुलीत हात घालणारा भैयाजी

भैयाजी कोणाच्याही घरी गेला की आधी रामराम करत नसे. चपला दारात काढायचा, सरळ सयपाकघरात जायचा, शर्टाची बाही वर करायचा आणि डावा हात चुलीत घालायचा. राख चिमटीत घेऊन बोटांवर चोळायचा. मग घरवाल्याकडे वळून म्हणायचा, "रामराम. राह्यता तुम्ही इथी."

तो आमच्या नगरपंचायतीत घरटॅक्सचा बाबू होता. गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं तसा टॅक्स चढला, लोक ओरडले, तेव्हा ठराव झाला. मालक स्वतः घरात राहत असेल तर टॅक्समध्ये सूट. घर भाड्याने दिलं, नाहीतर कुलूप घालून मालक दुसरीकडे राहायला गेला, तर सूट बंद. कोण राहतो आणि कोण नुसतं सांगतो, हे पाहायचं काम भैयाजीचं. घरोघरी सिलिंडर आले होते, पण जंगल जवळ, सरपण फुकटचं, म्हणून चुली काही विझल्या नव्हत्या. तो म्हणायचा, "माणसाले काय विचाराचं? चुलीले विचारा."

आमच्या एका रिटायर गुरुजींचा चंद्रपूरला मोठा बंगला. राहत तिकडेच, पण सूट इकडेही पाहिजे. तपासणीच्या सकाळी त्यांनी शेजारणीकडून चूल पेटवून घेतली, वर गंजात चहा ठेवला. भैयाजीने बाजूने हात घातला.

"गुरुजी, ही राख आजची हाये. कालची कुठी गेली?"

"बायकोनं काढून फेकली."

"अन् चुलीच्या काठाची काजळी? तेही फेकली का?"

गुरुजी चहा गाळायला लागले. भैयाजी तिथेच पाटावर बसला, त्यांचाच चहा प्यायला आणि त्यांची सूट कापली. बाहेर येऊन मला म्हणाला, "चहा मात्र चांगला केलता."

मी सोबत होतो कारण मी त्याचा पंच, पंचनाम्यावर साक्षीची सही करणारा. ते असं झालं. माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं होतं. म्हटलं, "माझ्या घरात विचारून हात घालाचा." रागावला नाही. हसला. "सही येते का, भाऊ?" मी त्याच्या वहीवर पूर्ण नाव लिहिलं, बापाचं नाव, आडनाव, खाली रेघ. आरा मशीनवर मी तीस वर्षं लाकडं फाडली, तिथे पगाराच्या दिवशी सगळे अंगठा लावायचे, मी एकटा सही करायचो. तो म्हणाला, "असा माणूस पाह्यजे मले. आजपासून तुम्ही माझे पंच."

मी तिसरी शिकलो आहे. छापलेलं अक्षर वाचतो. बाबू लोकांचं घसटून लिहिलेलं वाचता येत नाही. हे मी भैयाजीला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

माझ्या घराला लागून कवडूचं घर. त्याने कुंपणाचा बांबूचा तट्टा माझ्या हद्दीत हातभर सरकवला, तेव्हापासून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. हिवाळ्यात कवडू मेला. सुतकात आमच्याकडे तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे शिजवून नेतात. माझ्या घरून काही गेलं नाही. बायको पातेलं घेऊन निघाली होती, मीच तिला दारातून परत फिरवलं.

तिसऱ्या दिवशी घरचे सगळे राख सावडायला नदीवर गेले आणि नेमका तेव्हा भैयाजी आला. चार दिवस वडसाकडे आपल्या गावी नाटकं पाहून त्याच सकाळी परतला होता. मयतीचं त्याला माहीत नव्हतं. कडी काढून तो आत गेला, चुलीत हात घातला.

"तीन दिवसाची थंडी हाये. हे लोकं राह्यत नाई का इथी, भाऊ?"

"आमचं बोलणं नाई."

"पोरगा कुठी असते त्यायचा?"

"माजरीले. कोळशाच्या खाणीत. क्वार्टर हाये त्याले."

यात एक शब्द खोटा नव्हता. भैयाजीने मान हलवली, लिहिलं, कागद पुढे केला. मी सही केली. खाली रेघ मारली.

कागद साहेबाकडे गेला, शिक्का बसला. आठ दिवसांनी भैयाजी माझ्या अंगणात उभा. मागे कवडूची बायको सुमनबाई, डोक्यावर पदर.

"सुतकाच्या चुलीत हात घालाले लावला तुम्ही मले," तो म्हणाला. "तोंड नाई होतं का?"

"तुम्ही विचारलं तेवढं सांगतलं."

त्याने माझ्या बादलीतलं पाणी घेऊन डावा हात धुतला. परत धुतला. आठ दिवसांनी काय राहणार हाताला? पण तिसऱ्यांदाही धुतला. मग आवाज उतरवून म्हणाला, "साहेब म्हणते, शिक्का बसला. आता एकच रस्ता हाये. पंचाले वाचता येत नव्हतं, असं तुम्ही लिहून द्या. कागद रद्द होते, बाईची सूट राह्यते."

"मले वाचता येते."

"मंग वाचून दाखवा." त्याने पंचनामा माझ्यासमोर धरला. अक्षरं मुंग्यांसारखी.

"चष्मा नाई."

सुमनबाई पहिल्यांदा बोलली. "भाऊ, कागदावर कोणीच राह्यत नाई म्हणते त्या घरात. मी राह्यतो ना? रोज दिसतो ना तुम्हाले?"

मी म्हटलं, "वाचून सही केली. बदलणार नाई."

भैयाजीने कागदाची घडी केली. "लई देखणी सही हाये, भाऊ. जपून ठेवा."

बाईने एक वर्ष पूर्ण टॅक्स भरला. दुसऱ्या वर्षी पोरगा येऊन तिला माजरीला घेऊन गेला. दाराला कुलूप लागलं. कागद खरा झाला.

भैयाजीने त्यानंतर कोणाच्या चुलीत हात घातला नाही. दारातच उभा राहायचा, "राह्यता का?" विचारायचा, लोक सांगतील ते लिहायचा. गुरुजींनाही सूट मिळाली. साहेबाने त्याला चार लोकांत झापलं, तरी हात खिशातच. मला पंच म्हणून परत बोलावलं नाही. रस्त्यात भेटला की रामराम मात्र तोच आधी करायचा. तो मला जास्त लागायचा.

मागच्या वर्षी तो गावी वारला. मी बसने गेलो, पोचलो तो तिसरा दिवस, घरचे नदीवर. मी सयपाकघरात गेलो आणि डावा हात चुलीत घातला. चूल थंडी होती. मागून कोणी म्हातारी शेजारीण जेवणाची पातेली घेऊन आली. "काय पाह्यता, भाऊ?" "काही नाई," म्हटलं. हात धुवायला पाणी मागितलं नाही. तसाच बसमध्ये बसलो.

तेव्हा आता लिहून देतो. तो पंचनामा मला वाचता आला नव्हता. सही माझी आहे. काय लिहिलं जात होतं, ते न वाचताही मला माहीत होतं.

सुमनबाईच्या घराचं छप्पर यंदाच्या पावसात बसलं. तट्टा उभा आहे. माझ्या हद्दीत, हातभर.