चक्कीवाला ठणठणीत होता

आमच्या चक्कीवर बोलायचं तर समोरच्याच्या कानात तोंड घालावं लागतं. डबा खाली ठेवायचा, बाबांचा दंड धरून त्यांना वाकवायचं आणि कानाशी ओरडायचं, "बारीक काढजा भाऊ, मागच्या खेपेले जाडं आलतं!" मग बाबा आपलं तोंड त्या माणसाच्या कानाशी नेणार आणि तितक्याच जोरात ओरडणार, "ठेवा! घंटाभरानं या!" पट्टा फिरत असतो, दगड घरघरत असतात, वरचे पत्रे थरथरत असतात. त्यात दुसरा इलाज नाही. बोरी अरबच्या अलीकडच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या तांड्यांत ज्याच्या कानाला बाबांचा श्वास लागलेला नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही. हे मी आज असं लिहिते. तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

त्या आवाजानं बाबांचे कान केव्हाच खाऊन टाकले होते. ते मात्र कबूल करायचे नाहीत. लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. कानाशी कुणी कितीही ओरडलं तरी खरं तर ते ओठांवरून ओळखायचे. समोरच्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघायचे, की नव्या माणसाला अवघडल्यासारखं होई.

करोनाच्या आधी मी पुण्यात नोकरीला होते आणि रविवार सगळा एका ऑनलाइन खेळात घालवत होते. आईला ते मुळीच पटत नसे. "लग्नाच्या वयात भुतं मारत बसते हे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. भुतं वगैरे काही नव्हतं. एक मोठं नगर होतं, नदी होती, बाजार होता, आणि माझ्यासारखी हजारो रिकामटेकडी माणसं आपापल्या घरी बसून तिथे हिंडत होती. खेळ बनवणाऱ्यांनी दूरच्या एका दलदलीत एक ताप ठेवला होता. तिथवर पोचणाऱ्या तगड्या खेळाडूंना जरा त्रास व्हावा, एवढाच हेतू. दलदलीबाहेर पाऊल टाकलं की ताप उतरायचा. एका रविवारी तो उतरला नाही, आणि कुणीतरी तो अंगावर घेऊन नगरात आलं.

दुपारपर्यंत बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी मेलेल्या खेळाडूंची हाडं. बनवणाऱ्यांना वाटलं असणार की लोक घाबरून पळतील. पळाले काही. पण दूरदूरच्या गावांतून खेळाडू मुद्दाम नगरात आले, नुसतं बघायला. त्यांत मीही होते. मला ताप लागला, तर एका भल्या माणसानं औषध देऊन मला जिवंत ठेवलं, आणि त्या जिवंतपणाच्या जोरावर मी तो ताप पुढच्या दोन गल्ल्यांत नेऊन पोचवला. काही महाभाग तर हसत हसत गर्दीत शिरत होते. खोटं जग होतं, कुणी खरं मरत नव्हतं, म्हणून माणसं अगदी मनातलं वागत होती. पुढे खऱ्या साथीत मला माणसांच्या वागण्याचं फारसं नवल वाटलं नाही. चीड आली, नवल नाही.

पण आठवतो तो बाजारातला दुकानदार. तो खेळाडू नव्हता, बनवणाऱ्यांनी उभी केलेली बाहुली होती. लोकांना धान्य मिळत राहावं म्हणून त्याला मरण ठेवलेलं नव्हतं. ताप त्यालाही लागला, पण तो मरेना. हसतमुखानं उभा राहायचा आणि येईल त्याला म्हणायचा, "या, आज काय देऊ?" जवळ जाणारा प्रत्येक जण ताप घेऊन निघायचा. संध्याकाळ झाली तरी कुणाला त्याचा संशय आला नाही, कारण तो एकटाच ठणठणीत होता. कळलं तेव्हा लोकांनी त्याला हाका मारल्या, शिव्या दिल्या, तलवारी मारल्या. भोवती सांगाडे पडलेले, आणि तो मान तिरकी करून, "या, आज काय देऊ?" नंतर बनवणाऱ्यांनी ते अख्खं जग बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. सगळे उठून बसले, बाजार भरला. आम्ही हसलो आणि विसरलो.

करोना आला, कंपनीनं घरून काम करा म्हटलं, मी गावी आले. पहिली लाट आमच्या गावाला वळसा घालून गेली. दुसरीनं तसं केलं नाही. सगळं बंद झालं तरी चक्की बंद नव्हती, कारण भाकरी कुणाची बंद नव्हती. मी बाबांना चांगले मास्क आणून दिले. ते त्यांनी हनुवटीला लावले. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. गिऱ्हाईक मास्क लावून आलं की बाबांना त्याचे ओठ दिसेनात, आणि ओठ दिसेनात म्हणजे काही समजेना. मग ते स्वतःच्या पिठाळलेल्या बोटांनी समोरच्याचा मास्क खाली ओढायचे. "काहाडा ना ते फडकं. काय म्हणता, समजून नाही राह्यलं." आणि लोक आज्ञाधारकपणे तोंड उघडं करून त्यांच्या कानाशी वाकायचे. मी आमच्या ओट्यावरून बघायची आणि माझा नुसता तीळपापड व्हायचा. चक्की रस्त्याच्या पलीकडे, घराच्या अगदी समोर. ओरडून उपयोग नव्हता.

आधी सरपंचाच्या वाड्यातून खोकल्याचा आवाज आला. मग मागच्या आळीतून. मग गावात एक विचित्र शांतता पसरायला लागली, भर सकाळी सुद्धा. दारं लोटलेली, आतून माणूस खोकतोय, आणि रस्त्यावर आवाज फक्त आमच्या चक्कीचा. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून एक म्हातारी ज्वारी घेऊन यायची. बाबा तिला याडी म्हणायचे, तिच्या बोलीत आईला म्हणतात तसं. ती बाबांचा कान धरूनच बोलायची, लहान पोराचा धरावा तसा. एका बाजाराला तिनं डबा ठेवला आणि न्यायला आली नाही. पुढच्या बाजारालाही आली नाही. फळीवर असे डबे वाढायला लागले. दळून झालेले, झाकण लावलेले, गार पडलेले. त्यांची माणसं कुठे दवाखान्यात होती, कुठे नव्हतीच. बाबा रोज फडक्यानं ते डबे पुसून ठेवायचे.

बाबांना काही झालं नव्हतं. साधी सर्दी नाही. आणि एका दुपारी ओट्यावर उभी असताना मला ते दिसलं. आत भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा झालेला माणूस वळला, समोरच्या बाईकडे बघून हसला आणि तिच्या कानाशी वाकला. वाक्य मला ऐकू आलं नाही, पण ते कुठलं हे मला माहीत होतं. त्याच क्षणी मला दुसरं वाक्य ऐकू आलं, त्या नगरातल्या दुकानदाराचं. स्वतःच्या बापाची अशी भीती वाटावी, यासारखं वाईट काही नाही. मी ती भीती त्या दिवशी पोटभर अनुभवली.

कारण आईला दमा होता. पंप कायम कनवटीला. आणि रोज दुपारी बाबांच्या जेवणाचा डबा घेऊन ती चक्कीवर जायची, पंधरा मिनिटं त्यांच्याशेजारी पोत्यावर बसायची. गावाचं काय व्हायचं ते होवो, मला आई वाचवायची होती. त्या दिवशी डबा मी नेला आणि तिला ओट्यावर बसवून ठेवलं, रात्री बाबांचं अंथरूणही बाहेर टाकलं. ती चिडली. चिडू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गाडीवर बसवून तालुक्याला तपासायला नेलं. त्यांनी वाटभर कुरकुर केली. निकाल आला, लागण झालेली होती. मी चक्कीच्या दारात, चार हात लांब, त्यांना ओठ दिसावेत म्हणून मास्क उतरवून उभी राहिले आणि निकाल सांगितला.

"मले?" घरघरीवर आवाज चढवत ते हसले. "मी तं ठणठणीत हावो. मशीन बिघडली असन त्याईची."

तेव्हा मी त्यांना खेळातल्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. दलदल, नगर, हाडं, सगळं. ज्या खेळाला घरात कुणी विचारत नव्हतं, त्यातली ही एक गोष्ट बाबांनी डोळ्यांची पापणी न हलवता ऐकली, म्हणजे बघितली. मग ओरडून म्हणाले, "मंग त्याले कोणी सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना बाबा. त्याले आयकू येत नव्हतं."

तोंडातून निघून गेलं ते. बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात झटकले, मागे गेले आणि खटका पाडला. पट्टा बराच वेळ फिरत राहिला, मग थांबला. आमच्या गावाला माझ्या आठवणीत पहिल्यांदा भर दिवसा खरोखरची शांतता मिळाली आणि ती फार भयंकर होती. लांबून टिटवी ओरडली ती सुद्धा घरात आल्यासारखी वाटली.

बाबा चक्कीतच राहायला गेले. शटर खाली, त्याच्या बाजूची छोटी खिडकी तेवढी उघडी. सवयीनं लोक यायचे, शटर वाजवायचे, डबे ठेवून जायचे. आतल्या माणसाला काही ऐकू जात नव्हतं. सकाळी दार उघडलं की बंद शटरसमोर डब्यांची रांग दिसायची, कुणी नाही, नुसते डबे.

आणि समोर आई. ती दिवसभर ओट्यावर, ते खिडकीत, मध्ये रस्ता. ती नुसते ओठ हलवायची, आवाज अजिबात नाही. ते वाचायचे आणि मान हलवायचे, कधी हसायचे. तासन्‌तास चालायचं हे. मी दारात काम करत बसलेली असायची आणि माझ्या घरात माझ्यादेखत एक अख्खा संसार मला ऐकू न येता बोलत असायचा. मला वाटलं, जमलं. वाचवली मी तिला.

चौथ्या का पाचव्या दिवशी ती बोलता बोलता थांबली आणि तिनं भिंतीला डोकं टेकलं. अंग तापलेलं होतं. म्हणजे ताप आधीच तिच्या आत होता, मी डबा हिसकावून घेण्याच्या आधीपासून. यवतमाळला हलवायला शेजाऱ्यांनी जीप काढली. आम्ही तिला बसवलं. खिडकीत बाबा गज धरून उभे होते. त्यांनी बाहेर यायचं नव्हतं आणि ते आले नाहीत. जीप वळायच्या आधी आईनं मास्क खाली केला आणि त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. मी तिच्या पाठीला धरून मागे बसले होते, मला तिचं तोंड दिसलं नाही. बाबांनी मान हलवली नाही. नुसते बघत राहिले.

यवतमाळहून ती परत आली नाही.

डॉक्टरांना मी विचारलं होतं. कुणाकडून कुणाला गेलं, हे असं सांगता येत नाही, म्हणाले. दुकानातून, शेजारून, माझ्याकडूनही आलं असेल. मी ते बाबांना सांगितलं. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. त्या खेळातल्या दुकानदाराला कधी काही कळलं नाही, आणि पुन्हा जग सुरू झालं तेव्हा तो तसाच हसत उभा होता. मला त्याचा मनापासून हेवा वाटायचा.

बाबांनी चक्की पुन्हा सुरू केली ती पावसाळ्याच्या तोंडावर, लोकांनीच मागे लागून करायला लावली. आता ते कुणाच्या कानाशी वाकत नाहीत. बोटांनी खुणा करतात. एका संध्याकाळी चक्की बंद करून ते ओट्यावर येऊन बसले, आई बसायची त्या जागी, आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "जाताना तुही आई काय बोलली, मालूम हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणे, तुमच्यापासून नाही झालं मले. मनाले लावून घेऊ नोका."

मी म्हटलं, "खरंच हाय बाबा ते. डॉक्टर बी तेच म्हणे."

बाबांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि लगेच नजर रस्त्याकडे वळवली.

"इतकी वर्षं तिचंच तोंड पाह्यलं म्या," ते म्हणाले. "खोटं बोलली ती. पहिल्यांदाच."