हवालदारांचा वर केलेला हात

चौकात हात दाखवला तरी हवालदारांना कुणी भीक घालत नसे. बायको रोज म्हणायची, "सोडा ती नोकरी." एक दिवस एक ट्रक थांबला नाही आणि हवालदार ड्यूटीवर असतानाच गेले.

वर्षाने खात्याने तिथेच त्यांचा पुतळा बसवला, हात वर केलेला. झालं! गाड्या थांबल्या त्या हलेचनात. इन्स्पेक्टर शिट्टी फुंकून दमले.

"हवालदारसाहेब हात खाली घेईपर्यंत कसं जायचं?" ड्रायव्हर म्हणाले.

शेवटी हवालदारांच्या बायकोला बोलावणं धाडलं. ती घासायची भांडी तशीच टाकून तणतणत आली.

"अहो, पुरे आता, सोडा त्यांना," ती पुतळ्याला म्हणाली. मग सर्वांत पुढच्या ट्रकवाल्याकडे वळली.

"आणि तू रे मेल्या, आज बरा थांबलास!"